‘जाते’ म्हणू नये

आमच्या कोर्टाच्या आवारात हल्ली कुणी ‘येते’ म्हणत नाही. ‘निघते’ म्हणतात. पूर्वी बाई दारात चप्पल चढवताना ‘येते हं’ म्हणायची आणि चुकून ‘जाते’ निघालंच तोंडातून, तर आतून कुणीतरी ओरडायचं. आता ‘येते’ म्हणणं जोखमीचं झालंय आणि ‘जाते’ अजूनही अशुभ आहे, म्हणून लोकांनी मधला शब्द निवडला. निघते, निघतो. कुठे, परत कधी, काही विचारायची सोय नाही. एसटीच्या पाटीवरसुद्धा याहून जास्त माहिती असते.

मी अ‍ॅडव्होकेट मृदुला टिपणीस. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं ऑफिस आहे. बाई संसार मोडून देते, असं गावात म्हणतात. संसार माझ्याकडे येतो तोवर मोडलेलाच असतो, मी फक्त तुकडे वाटून देते. कुकर कुणाचा, कर्ज कुणाचं, दिवाळी कुणाची, उन्हाळ्याची सुट्टी कुणाची. माणसांच्या जमेच्या आणि नावेच्या बाजू इतकी वर्षं मांडल्यावर एक होतं: समोरचं माणूस रडत असतं आणि आपण मनात म्हणत असतो, हे रडणं उलटतपासणीत टिकेल का? यात निर्दयपणा नाही. दाताच्या डॉक्टरला जसं तोंड दिसत नाही, दात दिसतो, तसं.

तर ‘येते’ या शब्दाची ही दशा टिचकीमुळे झाली. यंत्राचं कागदावरचं नाव ‘वाचा-आशय परीक्षक’. पण कलिंगड घेताना आपण टिचकी मारून आत काय आहे ते ऐकतो, तसं हे बोलण्याला टिचकी मारून बघतं, म्हणून कोर्टातल्या शिपायांनी त्याचं बारसं केलं आणि तेच नाव टिकलं.

शोध लागला तो अर्धांगवायूच्या रुग्णांमुळे. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलेल्या कित्येकांना ‘मला पाणी हवं’ एवढं वाक्य जुळवता येत नाही. पण तोच माणूस आरती अडखळल्याशिवाय म्हणतो, ‘अरे देवा’ म्हणतो, सुनेला अस्खलित शिवी देतो. कारण तयार बोलणं मेंदू निराळ्या जागी ठेवतो, खोल, जुन्या भागात, जिथं चालण्याच्या आणि घास गिळण्याच्या सवयी राहतात. नवं वाक्य मात्र दर वेळी नव्यानं बांधावं लागतं. बांधताना मेंदू श्वासाला आणि गळ्याच्या स्नायूंना आधी वर्दी देतो आणि त्या क्षणभराच्या तयारीनं आवाजात एक बारीक थरथर येते. कानाला ती कळत नाही, टिचकीला कळते. शब्द बांधून आला असेल तर तिचा दिवा लागतो. त्याला भरीव म्हणायचं. नुसताच घरंगळत आला असेल तर दिवा लागत नाही. तो पोकळ.

यंत्र खरं-खोटं सांगत नाही. नीट विचार करून मारलेली थाप भरीव निघते आणि जांभई देत सांगितलेलं सत्य पोकळ. हे माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. पण तळचं बारीक आम्ही वकील हरायला लागल्यावरच वाचतो आणि बाकीचे तेवढंही वाचत नाहीत. घराघरांत बोलणारे स्पीकर होतेच, जुने आवाज त्यांच्या पोटात साठलेले होते. लोक एकेक काढून टिचकीखाली धरू लागले. भावाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पोकळ निघाल्या म्हणून वडिलार्जित जमिनीचा दावा उभा राहिला. एका बाईंनी माझ्यासमोर बसून सांगितलं, “मॅडम, यांचं ‘जेवलीस का?’ लग्नापासून पोकळ आहे.” मी विचारलं, “आणि तुमचं ‘हो’?” तेही पोकळ होतं. दोघं रोज जेवत होते, एवढं मात्र सिद्ध झालं.

माझ्या टेबलावरही एक टिचकी असते, लाडवाच्या डब्याच्या झाकणाएवढी. अशिलाच्या बोलण्याकडे कान, दिव्याकडे डोळा. माझ्या स्वतःच्या बोलण्याला दिवा लागलेला मी कधी पाहिलेला नाही. एकदा एक जादा टिचकी घरी घेऊन गेले, तर शिरीषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती दारातूनच परत पाठवली. “हे इथं नको. मला चहा मागताना विचार करायचा नाहीये,” म्हणाला. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, जोखीम लांबून ओळखतो. तोही सकाळी बॅडमिंटनला जाताना ‘निघतो’ म्हणतो. आधी ‘येतो’ म्हणायचा. कधी बदललं ते माझ्या लक्षात आलं नाही.

*

संयोगिता भोईटे पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीच्या कडेला बसली होती, कुणी उठवेल अशी. दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती काम करायची. बोटांना पांढरी पूड होती. नवरा अभिजित, वाईला त्याचं शीतगृह आहे, स्ट्रॉबेरी आणि मटारचं. मुलगी रेवा, पहिलीत. दिवाळीनंतर एका सकाळी संयोगिता घरातून बाहेर पडली ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत आली आणि तोवर अभिजितनं घटस्फोटाचा आणि मुलीच्या ताब्याचा अर्ज ठोकला होता. आईनं हेतुपुरस्सर मुलीला टाकलं, सबब मुलगी बापाकडे राहावी आणि आईनं तिला महिन्यातून एकदा कोर्टाच्या देखरेखीखाली भेटावं.

“मारहाण?” मी विचारलं.

“नाही हो.”

“दारू? दुसरी बाई? सासूचा जाच?”

“सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. हे सरळ आहेत, मॅडम. फार सरळ आहेत.”

“मग गेलात का?”

तिनं आधी टिचकीकडे बघितलं. “मला ऐकू येईनासं झालं होतं,” ती म्हणाली. “म्हणजे कानानं यायचं. पण घरात सगळे बोलायचे आणि मला नुसते ओठ दिसायचे. रेवू कविता म्हणून दाखवायची, मी टाळ्या वाजवायची, आणि कविता कुठली ते विचारलं तर सांगता आलं नसतं. त्या दिवशी लॅबचं सामान आणायला कोल्हापूरला निघाले होते. खरंच संध्याकाळी येणार होते. कोल्हापूरच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागलेली होती. बसले.”

“का?”

“खिडकीची जागा रिकामी होती.”

दिवा लागला. बेळगावात मैत्रिणीकडे राहिली, तिथल्या लॅबमध्ये कवळ्या बनवल्या, मग कुणीतरी डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि एके दिवशी तिला शेजारच्या घरातला पाळणा ऐकू आला. ऐकू आला म्हणजे आला. त्याच आठवड्यात ती परत आली.

मी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या. जमेला: आजार, गोळ्या, परत आली. नावे: एक फोन नाही, एक चिठ्ठी नाही. बाजू नावेकडे झुकत होती. “निघताना काय म्हणालात?”

“काय म्हणणार? येते म्हटलं. रेवू दारात दूध पीत उभी होती. तिच्या मिशा पुसल्या आणि म्हटलं, येते हं रेवू.”

“स्पीकर होता घरात?”

“होता.”

“मिळेल?”

“ह्यांना विचारावं लागेल.” मग तिनं टेबलाची कड धरली. “मॅडम, मला एवढंच सांगा, रेवू मिळेल का? महिन्यातून एकदा, कोपऱ्यात शिपाई बसवून, मी तिला काय विचारू? अभ्यास झाला का?”

“बघू,” मी म्हणाले. दिवा लागला नाही.

*

त्या सकाळचा आवाज कोर्टामार्फत मागवला, टिचकीखाली घातला. ‘येते हं रेवू.’ लखकन दिवा. भरीव.

मी खूष. परत न येण्याचा हेतू असल्याशिवाय कायद्यात परित्याग होत नाही, आणि इथं यंत्र सांगतंय की बाईनं ‘येते’ हा शब्द अख्खा मन लावून उच्चारला. आजवर मी बघितलेली ‘येते’ सगळी पोकळ. मी सुनावणीला छान इस्त्रीची साडी नेसून गेले.

समोर होते अ‍ॅडव्होकेट दिलावर शिकलगार, अभिजितचे वकील. पांढरी दाढी, गोड बोलणं, आणि त्या गोडव्याखाली काय आहे ते बघायला मला दर वेळी उशीर होतो. न्यायाधीश उमराणीकर मॅडम नव्या होत्या, मुलांच्या बाबतीत काळजी घेणाऱ्या, म्हणजे यंत्रांवर विश्वास ठेवणाऱ्या.

माझं झाल्यावर शिकलगार सावकाश उठले. “टिपणीसबाईंचं अभिनंदन. दिवा लागला. आम्हाला मान्य. आता एवढा दिवा लावलाच आहे, तर त्याआधीच्या सकाळींनाही टिचकी मारून घेऊ. माझ्या अशिलानं स्पीकरमधलं सगळं आणलंय.”

लागोपाठ एकेक सकाळ वाजली. ‘येते रेवू.’ ‘चल, येते.’ ‘डबा संपव गं, येते.’ पाठीमागे कुकरची शिट्टी, कुठं अभिजितचं ‘हं, ये’. दिवा एकदाही लागला नाही.

“सगळी पोकळ,” मी उठून म्हणाले. “मॅडम, हे तर आमच्याच बाजूचं आहे. एरवी ती सहज म्हणायची, त्या दिवशी मनापासून म्हणाली.”

“बरोबर,” शिकलगार म्हणाले. “आणि या सगळ्या पोकळ ‘येते’नंतर बाई संध्याकाळी घरी आली. रोज. एकच ‘येते’ भरीव होतं, त्या दिवशी आली नाही.” ते न्यायाधीशांकडे वळले. “मॅडम, मी रोज घरातून निघताना बायकोला ‘येतो’ म्हणतो. आता घाबरून ‘निघतो’ म्हणतो, ते सोडा. माझं ‘येतो’ निकाह झाल्यापासून पोकळ आहे. कारण संध्याकाळी मी जाणार कुठं? ज्याचं परत येणं ठरलेलं आहे, त्याला परत येण्याचा विचार करावा लागत नाही. विचार केव्हा येतो? न येणं डोक्यात आलं की. या बाईच्या डोक्यात ते उंबऱ्यावरच आलं होतं. यंत्र खोटं बोलत नाही, टिपणीसबाईच म्हणाल्या.”

अभिजित खाली बघत होता, बुटांच्या नाडीकडे. जिंकणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता.

बाहेर व्हरांड्यात संयोगितानं मला गाठलं. “मॅडम, ते बरोबर बोलले का?”

“युक्तिवाद चांगला होता.”

“तसं नाही. मी दारात होते ना, तेव्हा ‘येते’ म्हटलं आणि मला वाटलं, येईन ना मी? एवढंच वाटलं. एवढ्यालाच ते धरणार?”

मला त्या वेळी काहीतरी वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे वाक्य तिनं साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणू नये.

*

उमराणीकर मॅडमनी निकाल दिला नाही, हुकूम दिला. आईच्या हेतूचा निवाडा नंतर होईल. आधी मुलीच्या मनाचा कल बघू. मुलीनं काही आठवडे आलटून पालटून शनिवार-रविवार आईकडे आणि बापाकडे राहावं आणि मग एका दिवशी कोर्टाच्या बालकक्षात दोघांचा निरोप घ्यावा. तिचं ‘येते’ ज्याच्यासाठी भरीव निघेल, त्याच्याकडे परत येण्याची तिला खरी ओढ आहे असं धरण्यात येईल.

मी हरकत घेतली नाही, शिकलगारांनीही नाही. आदल्या तासाला त्यांनीच सिद्ध केलं होतं की भरीव ‘येते’ म्हणजे धास्ती आणि पोकळ ‘येते’ म्हणजे खात्री. हा मुद्दा मुलीलाही लागू पडतो, हे आम्हाला दोघांनाही दिसलं असणार. पण दोघांनाही वाटलं, दिवा आपल्याकडे लागेल. जिंकण्याचा वास आला की वकिलाची स्मरणशक्ती जाते.

पुढच्या शनिवारी संयोगिता रेवाला घेऊन ऑफिसात आली. रेवा बारीक, दोन वेण्यांची, पुढचा एक दात हलत असलेली. दात जिभेनं ढकलत ती टेबलावरच्या टिचकीकडे बघत होती. “हीच का ती?”

“हीच,” मी म्हणाले.

“बाबानं पण आणलीय. भाड्यानं.”

संयोगितानं आणि मी एकमेकींकडे बघितलं. मग ती गुडघ्यांवर बसली. “रेवू, आपण खेळायचं का? तू दारापर्यंत जा, आणि मला येते म्हण. मनापासून म्हण हं.”

“मनापासून म्हणजे कुठून?”

“आतून.”

रेवा दारापर्यंत गेली. “येते.” दिवा नाही. “येते!” जोरात. दिवा नाही. तिनं श्वास भरून घेतला, पोट फुगवलं आणि ओरडली. नाही. मग ती थांबली. आईकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि शब्द पायरी उतरल्यासारखा सावकाश सोडला. “ये-ते.”

दिवा लागला. संयोगितानं टाळ्या वाजवल्या आणि मग तिचे हात तसेच राहिले. रेवा आईकडे बघत नव्हती. दिव्याकडे बघत होती, विझतो का ते.

“बाबाकडे पण लागला होता,” ती म्हणाली. “बाबा मग बाथरूममध्ये जाऊन बसला.”

मी तिला बिस्कीट दिलं. ती म्हणाली, दात हलतोय, चहात बुडवून हवं. चहा आला, तिनं बुडवून खाल्लं. माणसाचं मूल किती लवकर शिकतं, याची मी नोंद घेतली. वाईट वाटणं त्या नोंदीच्या शेजारीच कुठंतरी असायला हवं होतं, पण ती जागा रिकामी होती. वहाणा कुठं काढल्या ते आठवू नये, तसं वाटलं.

संध्याकाळी शिरीषला सांगितलं. तो पेपरातून वर न बघता म्हणाला, “भाड्यानंही मिळतं का ते?”

“मिळतं.”

“माणसं काहीही भाड्यानं घेतात,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, “तू बरी आहेस ना?”

“हो.”

घरात टिचकी नव्हती ते बरं.

*

बालकक्ष म्हणजे भिंतीवर जिराफ काढलेली, फिनाइलचा वास असलेली खोली. एका बाजूला अभिजित, दुसऱ्या बाजूला संयोगिता, मध्ये छोट्या टेबलावर टिचकी. उमराणीकर मॅडम स्वतः आल्या होत्या. काळा कोट काढून ठेवला होता, मुलीला भीती वाटू नये म्हणून. त्यामुळे त्या शाळा तपासायला आल्यासारख्या दिसत होत्या. शिकलगार जिराफाखाली, मी खिडकीशी, दाराशी बालकक्षातल्या मुलं सांभाळणाऱ्या काकू.

आईबाप दोघंही बरे कपडे घालून आले होते. मुलगी बघायला आल्यासारखे.

“रेवा बाळ,” मॅडम म्हणाल्या, “आता तू या काकूंबरोबर बाहेर बागेत जाणार आहेस. जाताना आई आणि बाबा, दोघांना आपण घरातून निघताना म्हणतो ते म्हणायचं. आधी कुणाला म्हणायचं ते तू ठरव.”

रेवा उठली. फ्रॉक नीट केला. दारापर्यंत गेली आणि वळली. खोलीत सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडावर नव्हते, दिव्यावर होते. माझेही. तिनं ते बघितलं. आईकडे बघितलं नाही, बाबाकडे बघितलं नाही, मधल्या टिचकीकडे बघून ती स्पष्ट म्हणाली,

“जाते मी.”

दिवा लागला. इतका स्वच्छ दिवा मी त्या यंत्राला कधी लागलेला पाहिला नव्हता.

आणि त्याच क्षणी खोलीच्या दोन्ही टोकांकडून, एका आवाजात, “अगं, जाते नाही म्हणायचं! येते म्हण!”

अभिजित आणि संयोगिता, दोघंही. तो खुर्चीतून अर्धा उठलेला, तिचा हात पुढं आलेला. तोच हेल, तोच दटावणीचा सूर. दोघांच्या आयांनी, आज्यांनी दारात उभं राहून वापरलेला. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्या हिशेबानं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मी टिचकीकडे बघितलं. दिवा विझलेला होता. त्यांच्या ओरडण्यानं तो लागलाच नव्हता. पोकळ. आतून घरंगळत आलेलं, विचार न करता, वकिलाला न विचारता. हुकमात अशा वाक्याला काही किंमत नव्हती.

“का गं, रेवू?” संयोगितानं विचारलं. “जाते का म्हणालीस?”

रेवानं हलता दात जिभेनं ढकलला. “बाबाला येते म्हटलं की तू रडतेस. तुला म्हटलं की बाबा जेवत नाही. जाते म्हटलं की दोघांना सारखं.”

मॅडम चष्मा पुसत होत्या. शिकलगार जिराफाच्या पायाकडे बघत होते. मग अभिजित उठला, टेबलाशी गेला आणि टिचकी उचलून त्यानं उलटी ठेवली. कोर्टाची वस्तू, हात लावायला परवानगी नव्हती. मॅडमनी बघितलं आणि बघितलं नाही.

“माझा अर्ज राहू दे,” तो शिकलगारांना म्हणाला. “म्हणजे तसाच नको. दुसरा लिहा.”

“काय लिहू, भोईटे?”

“ते तुम्ही बघा. तिला हे परत करायला लावणार नाही, एवढं लिहा आधी.”

संयोगिता म्हणाली, “माझंही तेच.” मग माझ्याकडे बघून, “चालेल ना, मॅडम?”

अशील मला परवानगी विचारतं तेव्हा बहुतेक वेळा मी नाही म्हणते. ती हातात आलेली बाजी सोडत होती. उमराणीकर मॅडमचे डोळे भरले होते, आता थोडं ताणलं असतं तर पोरगी आईला मिळाली असती. हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला, श्वास चालतो तसा.

“चालेल,” मी म्हणाले.

*

तडजोड व्हायला पुढं बऱ्याच तारखा गेल्या. नवराबायको पुन्हा एकत्र आले नाहीत. तसं होईल असं शिपायांना वाटत होतं, त्यांनी पैजही लावली होती. शाळा वाईला, म्हणून शाळेचे दिवस रेवा बापाकडे. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत आईकडे, साताऱ्यात. शिपाई नाही, कोपरा नाही. सुट्ट्या निम्म्या. संयोगितानं वर्षभर गोळ्या चालू ठेवायच्या, अभिजितनं रेवासमोर तिच्या बेळगावाचा विषय काढायचा नाही. आणि रेवाच्या कुठल्याही बोलण्याला कुणीही टिचकी लावायची नाही. या शेवटच्या कलमावर उमराणीकर मॅडमनी स्वतःच्या हातानं खूण केली.

सह्या झाल्यावर शिकलगार माझ्याबरोबर पायऱ्या उतरले. “टिपणीसबाई, आपण दोघं हरलो.”

“फी मिळाली ना?”

“मिळाली.” ते हसले. “तुमच्या टेबलावर ते यंत्र असतं म्हणे. तुमच्यासाठी कधी दिवा लागतो का?”

“वीजबिल वाचतं.”

“माझ्या बायकोला पुन्हा ‘येतो’ म्हणायला लागलोय,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी तिनं विचारलं, काय हो, बरं वाटत नाही का?”

*

पावसाळा संपता संपता एका शनिवारी ऑफिसचं दार ढकलून रेवा आत आली. मागून संयोगिता, हातात भाजीची पिशवी. “इथूनच चाललो होतो, मॅडम. हिला दाखवायचंच होतं.”

“काय?”

रेवानं तोंड उघडलं. पुढचे दोन दात गायब. “आईनं मला खोटे बनवून दिलेत,” ती बोबड्या स्वरात म्हणाली. “पण ते फक्त वाघ व्हायचं असेल तेव्हा.”

“आणि एरवी?”

“एरवी खरे येणारेत.”

संयोगिता माझ्या समोरच्या खुर्चीत बसली, पूर्ण बसली, पाठ टेकून. नव्या लॅबबद्दल सांगत होती, भाड्याच्या खोलीत उंदीर झालेत ते सांगत होती. रेवा खिडकीत उभी राहून खालच्या रिक्षा मोजत होती, मोजताना चुकत होती, पुन्हा सुरू करत होती. मग खाली कुणीतरी फुगेवाला आला आणि ती पाठमोरीच दाराकडे पळाली.

“येते गं मावशी!”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, टेबलावरची टिचकी चालूच होती. कलमाचा भंग. कागदाखाली ढकलायला हात पुढं केला आणि ढकलण्याआधी बघितलंच, सवय ती सवय.

दिवा लागला नव्हता. पोकळ. साफ पोकळ. तिच्या डोक्यात फुगा होता, जिना होता, आई मागून येणार हे होतं. ‘येते’ हा शब्द त्यात कुठंच नव्हता, तो पायात चप्पल सरकवल्यासारखा तोंडात आला होता. मी हात तसाच ठेवून थोडा वेळ बसले. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर एवढा चांगला निकाल आलेला नव्हता, आणि तो कुणाला दाखवण्यासारखाही नव्हता.

संयोगिता पिशवी उचलत होती. जिन्यातून रेवाच्या उड्या ऐकू येत होत्या. वकिलाकडे कुणी परत येऊ नये, हा या धंद्यातला साधा शिष्टाचार. निरोप घेणाऱ्या अशिलाला मी कधी ‘या’ म्हणत नाही.

“ये,” मी जिन्याच्या दिशेनं म्हणाले.

दिवा लागला. संयोगितानं तो बघितला. मी खाली वाकून भिंतीतून वायर काढली.